वावरची फेरी

७ जुलै
आमच्या जव्हारच्या कॉलेजला बस मिळाली. एकच, जुनी, पण चालू. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. मार्ग तुम्हीच आखा." हौसेने हो म्हटलं. घरी नकाशा पसरला आणि हौस संपली. जव्हारहून मोखाडा-खोडाळा-सूर्यमाळ एका अंगाला, वावर पार उलट अंगाला. आणि दोन्हीकडची पोरं सकाळी एकाच वेळी वर्गात हवीत.

१० जुलै
एस.वाय.च्या मंजुळाने जिन्यात गाठलं. वावरच्या पलीकडच्या पाड्यावरची. त्या पाड्यातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. रोज जीपच्या मागे दांडीला धरून येते. "मॅडम, बस आमचेकडं येल ना?"
"बघते" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१४ जुलै
दोन फेऱ्या करून पाहिल्या, कागदावर. आधी वावर, मग सूर्यमाळ. पण सूर्यमाळची पोरं पोचेपर्यंत निम्मे तास उरकतात. मीटिंगमध्ये सुचवलं, कॉलेज उशिरा भरवू. नाशिकहून रोज ये-जा करणारे सहकारी उसळले. "मग आम्ही घरी कधी पोचायचं?" प्राचार्य साहेबांनी विषय मिटवला. जिकडे पोरं जास्त, तिकडे बस. म्हणजे सूर्यमाळ.
नकाशावरची रेघ मात्र मला ओढायला लावली.

१ ऑगस्ट
नारळ फुटला, पेढे वाटले. सूर्यमाळच्या पोरी खिडक्यांतून हात हलवत होत्या. वावरच्या पोरी गेटपाशी उभ्या, जीपची वाट बघत. मंजुळाने माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ ऑगस्ट
मंजुळा बरेच दिवस वर्गात नाही. आज गेले. डांबरी संपल्यावर चिखल तुडवत पाड्यावर. आई नागलीच्या शेतात तण बेणत होती. "जीप घसरली चढावर. कोणी मेलं नाय. पण हिचा बाप बोलला, आता पुरे." दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर, भिवंडीकडे. मंजुळासुद्धा.
ती चुलीपाशी होती. उठली नाही. "परीक्षा कवा हाय, मॅडम?" एवढंच.

२ सप्टें.
साहेबांना म्हटलं, दिवसाआड करा. एक दिवस सूर्यमाळ, एक दिवस वावर. ते "विचार करतो" म्हणाले आणि दुपारपर्यंत बातमी सगळीकडे. सूर्यमाळची कविता रडत आली. "बस नव्हती म्हणून बारावीनंतर वर्षभर घरी बसलेली मी. परत नका बसवू, मॅडम."
मागे घेतलं. पांघरूण तेवढंच. इकडे ओढलं की तिकडे उघडं पडतं.

१९ सप्टें.
सुचलं! बस रात्री जव्हारला असते, पहाटे रिकामीच सूर्यमाळला जाते. ती ड्रायव्हरसह तिथेच मुक्कामी ठेवली तर ही रिकामी फेरी वाचेल. मग सूर्यमाळची पोरं इथे उतरवून लगेच वावर. वावरच्यांचा फक्त पहिला तास बुडेल. संध्याकाळी आधी वावर, तोवर सूर्यमाळच्यांना थांबावं लागेल. कविताला भीतभीत विचारलं. "थांबू ना. वाचनालय तेवढं उघडं ठेवा."
मग ड्रायव्हर सुरेशदादा. त्याने ऐकून घेतलं. "आई अंथरुणाला खिळलेली, मॅडम. रात्री तिची कूस कोण बदलणार?"
दुसरा ड्रायव्हर मिळत नाही, म्हणतात साहेब. संपलं.

१५ नोव्हें.
भट्ट्यांचे ट्रक यायला लागले. लाज सोडून पुन्हा सुरेशदादाकडे. खाली बघत राहिला. "बहिणीला बोलावतो. आठवडाभर. त्यापुढचं मागू नका." साहेबही म्हणाले, आठवडाभर, प्रयोग म्हणून.
तशीच वावरला. मंजुळाचे वडील बोचकी बांधत होते. सांगितलं. "आन् आठवडा सरल्यावर?" ते मंजुळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही जातो. ही ऱ्हाईल आत्याकडं. पुढल्या रविवारी मी येन. बस चालू असली तर ऱ्हाऊ दे. नाय तर नेन."

१७ नोव्हें.
पहिली फेरी. मीही गेले. मंजुळा केसांना तेल लावून, रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे. बसली आणि झोपलीच, तोंड उघडं टाकून. जव्हार येईपर्यंत कोणी उठवलं नाही.

२२ नोव्हें.
आठवडा संपला. सुरेशदादाची बहीण उद्या परत जाणार. साहेब फोन उचलत नाहीत.
दुपारी बसबरोबर वावरला गेले. मंजुळा उतरली, वळसा घालून माझ्या खिडकीखाली आली. "सोमवारी?" उद्या तिचा बाप येणार. सुरेशदादा समोर काचेतून बघत होता, ऐकत होता.
"तयार राहा," मी म्हणाले.
बस वळली. सुरेशदादा म्हणाला, "कशाच्या जोरावर सांगितलंत, मॅडम?"
"आईंजवळ रात्री मी येऊन राहते." बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.
"किती दिवस?"
"माहीत नाही."
त्याने गिअर बदलला. जव्हारला गेटपाशी कविता आणि सूर्यमाळच्या बाकीच्या पोरी दप्तरं घेऊन उभ्या होत्या.