निळा ड्रेस

प्रिय चिमे,

तुझं पार्सल पोचलं. तुझा निळा ड्रेस मशीनवर पडलाय आणि मी कालपासून नुसती त्याच्याकडे बघतेय. दुकान बंदच आहे. गिऱ्हाइकांना सांगितलंय, गुडघे धरलेत. गुडघ्यांची चौकशी कुणी फार करत नाही, तेवढंच बरं.

आता खरं सांगते. आईचं दुखणं माझ्या वाट्याला आलंय. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. आधी का नाही कळवलंस म्हणून रागाव, पण वाचणं थांबवू नकोस. आईचं आधी पोट उघडलं आणि ती परत धड उठलीच नाही. आता सरसकट तसं करत नाहीत. माझ्या डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईनमधून औषध देऊन गाठी लहान केल्या, मग ऑपरेशन केलं. रक्तात आईकडून आलेला दोष सापडला, त्याच्यावर नेम धरणारी गोळी आता रोज घरीच घेते. पूर्ण बरी होशील असं बाई म्हणत नाहीत. आईपेक्षा जास्त दिवस मिळतील, एवढं मात्र म्हणतात. केस गेले तर शेजारीण म्हणते, टक्कल शोभतं तुम्हाला. खोटारडी मेली! सलाईनच्या खुर्चीशेजारी घरच्या माणसासाठी स्टूल असतं. माझ्या स्टुलावर दर वेळी माझी पिशवी बसायची. फार एकटं वाटायचं गं.

आणि कळायला उशीर का झाला, तर मी पडले शिंपीण. पोट फुगत होतं, मी कडेची शिवण उसवून कपडे सैल करत होते. दुसरी कुणी असती तर कपडे होईनात म्हणून घाबरली असती. मला माझे कपडे कधी घट्ट झालेच नाहीत.

तू लिहिलंयस, वय झालं, पोटात तेवढा सैल कर. चिमे, बाह्या तू स्वतःच आत घेतल्यास, तुझे वेडेवाकडे टाके मी ओळखते. दंड बारीक झालेत, आणि पोटावर मात्र शिवण ताणून दोरा तुटलाय. हा ड्रेस मी सैल करणार नाही. आईचा तो दोष तुझ्यातही असू शकतो. डॉक्टरीणबाईंकडे येत्या सोमवारचा तुझा नंबर लावलाय. जशी असशील तशी निघून ये. या वेळी स्टुलावर मी बसेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई