पुठ्ठ्याची गल्ली

३ फेब्रुवारी

बरेच महिने इकडे फिरकलो नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागतोय कोण जाणे. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर ते खरं आहे हे मान्य करावं लागलं असतं, म्हणून टाळत आलो.

तर मान्य करतो. आमच्या मुलीने, ठकीने, कॉलेज सोडलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. जेवायला येते, दोन शब्द बोलते, परत खोलीत. डॉक्टर म्हणतात, ढकलू नका. ही म्हणते, ढकलू नका म्हणजे विचारूच नका असं नाही. मी ढकलतही नाही आणि विचारतही नाही. त्याला मी समजूतदारपणा म्हणतो. खरं तर भीती आहे.

खोलीत ती एकच व्हिडिओ गेम खेळते – ‘दिवेवाली’. आज ऑफिसात मॅडमनी नेमका तोच माझ्या टेबलावर आणून ठेवला. तलावापलीकडे आमच्या मनोरंजन उद्यानाचा नवा विभाग करायचा आहे आणि या गेमचे हक्क मिळू शकतात. चार भाग निघाले, चारही तुफान चालले. “आपल्या जागेत बसतं की नाही, तेवढं सांगा. निबंध नको,” मॅडम म्हणाल्या. माझं काम गर्दीचं. माणसं कुठे थांबतील, कुठे वैतागतील, पोरं कुठे भोकाड पसरतील, हे आधी सांगायचं. माझ्या अहवालावर पुढचं ठरेल.

घरी सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत स्वतः खेळून पाहिलं. बंदराकाठचं एक गाव, माणसं सोडून गेलेली. एक मुलगी लांब काठी घेऊन गल्लोगल्ली, एका अरुंद पुलावरून, दिवे लावत जाते. दिवा लागला की त्या घरातला एखादा जुना आवाज येतो – भांडी घासल्याचा, कुणी कुणाला हाक मारल्याचा. बस्स. शत्रू नाही, गुण नाहीत, घाई नाही. अख्ख्या गावात दुसरं माणूस नाही.

तीन दिवे लावले आणि डबा खायचा राहिला.

९ फेब्रुवारी

बसतं का? गल्ल्या आयत्या आहेत, दुकानं आयती आहेत. कंदील विकता येतील, हा मॅडमचा मुद्दा. रात्री सुंदर दिसेल, यात शंका नाही. आणि गेममधली माणसं नाहीशी झालेली असल्यामुळे त्यांचे कपडे घालून कोणाला उन्हात उभं राहावं लागणार नाही – हा माझा मुद्दा, त्यावर मॅडम हसल्या.

पण एक गोष्ट घशात अडकली आहे. गेममध्ये लावलेला दिवा विझत नाही. कधीच. तो लागला म्हणजे लागला, मागे वळून पाहिलं की दिसतो. आपल्याकडे एकाने लावलेला दिवा मागच्याला लावता यावा म्हणून विझवावा लागेल. दर अर्ध्या मिनिटाला! दिवसभर एकीकडे दिवे लागतायत आणि दुसरीकडे आपणच ते मालवतोय.

शिवाय एकटेपणाच्या जागेत रांग लावायची.

१२ फेब्रुवारी

जेवताना बोलून टाकलं. ठकीने मान वर केली नाही. “तुम्ही लोक त्याची वाट लावणार.” मी म्हटलं, बहुतेक. ही मला टेबलाखालून पाय मारत होती.

ताट उचलताना ठकी म्हणाली, “पूल कसा करणार?”

इतक्या महिन्यांत तिने मला विचारलेला पहिला प्रश्न. मी सांगितलं, गोदामात पुठ्ठ्याची गल्ली उभी करतात, खऱ्या मापाची. आधी माणसं त्यातून चालवून बघतात. पूलही पुठ्ठ्याचाच. “मग चुकीचाच असणार,” ती म्हणाली आणि गेली.

१५ फेब्रुवारी

ती आली. स्वतःहून. सकाळी बूट घालून दारात उभी. मी नुसती गाडीची किल्ली घेतली – बोललो असतो तर ती मागे वळली असती असं वाटलं. गाडीत खिडकीबाहेर बघत बसली.

गोदामातल्या सुतारकाकांशी तिची पाच मिनिटांत जुंपली.

“पायऱ्या इतक्या रुंद नाहीत. गेममधल्या मुलीला पुलावर एकेक पाऊल जपून टाकावं लागतं.”

“तिला बाबागाडी ढकलायची नसते, ताई. आपल्याकडे येणाऱ्यांना असते.”

“मग कठडा तरी वाकडा करा.”

“करतो. पण पूल मी तुमच्या वडिलांच्या कागदावरून केलाय. चुकला असेल तर तो त्यांचा, जमला असेल तर माझा.”

ती हसली. मी खांबाआड जाऊन फोन आल्यासारखं केलं.

१८ फेब्रुवारी

पुन्हा आली. कठडा वाकडा झाला.

२० फेब्रुवारी

आजही. परतताना गाडीत मी काहीतरी बोलत सुटलो होतो, सुतारकाकांची नक्कल वगैरे. घरी आल्यावर ही म्हणाली, “आज बापलेकीपैकी बापच जास्त खुशीत दिसतोय.”

मग भांडी आवरताना हळूच, “तिचं बाहेर पडणं त्या पुठ्ठ्यावर टांगू नकोस. उद्या तो काढतील.”

काढतील कधी, ते माझ्याच हातात आहे, हे मी तिला सांगितलं नाही. माझा अहवाल ‘नाही’ गेला की त्याच आठवड्यात गोदाम रिकामं होईल.

२३ फेब्रुवारी

अहवाल अर्धा लिहून पडला आहे. ‘नाही’कडे जाणारी प्रत्येक ओळ लिहिताना वाटतं, मी तिला पुन्हा खोलीत लोटतोय. ‘हो’कडे जाणारी लिहिताना वाटतं, कंपनीच्या पैशांनी मी माझ्या मुलीवर उपचार चालवलाय. आणि तिसरी शंका – मुळात ‘नाही’ हे तरी माझं प्रामाणिक मत आहे का? की तिची ती एकांताची जागा इतरांनी तुडवू नये म्हणून मी कारणं शोधली? दोन्ही बाजूंनी माझीच मुलगी उभी आहे. अशा माणसाला मत विचारूच नये. मॅडमना हे सांगायला हवं.

सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी

आज चाचणी. बाहेरची चाळीसेक माणसं बोलावली होती, पोरासोरांसकट. ठकी सुतारकाकांजवळ भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गर्दी आत आल्यावर तिने हाताची घडी घातली ती शेवटपर्यंत सोडली नाही. पण थांबली.

एका छोट्या मुलीने काठी उंचावून दिवा लावला. टाळ्या वाजल्या. आवाज आला – कुणीतरी दार लोटल्याचा. ती मुलगी पुढे गेली, गेममधल्यासारखं मागे वळून पाहिलं, आणि नेमका तेव्हाच आमच्या माणसाने दिवा विझवला. मागच्यांची पाळी होती. “माझा का घालवला?” ती आईला विचारत होती. ओरडून नाही. खरंच कळत नसल्यासारखं. आईने तिला पुढच्या दिव्याकडे नेलं.

मी ठकीकडे पाहिलं. तिने सगळं पाहिलं होतं. वाटलं, आता बोलेल. पुलाच्या कठड्यावरून भांडणारी मुलगी, यावर गप्प कशी बसेल? ती गप्प बसली. घरी आल्यावरही.

२७ फेब्रुवारी

अहवाल दिला. ‘बसतं, काही अटींवर.’ अटी म्हणून दिव्यांचा पर्याय शोधावा, गर्दी मर्यादित ठेवावी, पुठ्ठ्याच्या गल्लीत आणखी सहा महिने चाचण्या घ्याव्यात. एकेक वाक्य बचाव करता येईल असं आहे. मॅडम म्हणाल्या, “छान. मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल.”

मलाही वाटलं होतं.

सहा महिने. मी तिला सहा महिने मिळवून दिले. झोप येणार नाही.

१ मार्च

ठकीने विचारलं, काय लिहिलंस. सांगितलं.

“पण ते नाहीच बसत, बाबा. दिवा विझवावा लागतो तिथे संपलंच ना.”

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

“तू गाडीत बोलायला लागला होतास. आधी तू माझ्याशी बोलायचाच नाहीस. मी आले नसते तर पुन्हा तसाच झाला असतास.” मग खाली बघून, “दर वेळी गोदामात जाताना मला नको नको होतं. दारातून आत जाईपर्यंत वाटतं, आता पळून जाऊ. तुला बरं वाटावं म्हणून येत होते. अजून सहा महिने नाही जमणार मला.”

उद्या: अहवाल परत मागणे.