अँब्रोजचा वरचा स्वर

रॉथर्डेल, यॉर्कशायर
१२ मार्च १९३२

चि. सौ. कां. म्युरिअल हिस डॉर्कस हॅलिवेलचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि फोटो पोचला. फोटोत अँब्रोज तुझ्याहून उंच दिसतो, म्हणजे तो पायरीवर उभा आहे हे मी लगेच ओळखलं. लग्न ठरल्याचा आनंद आहेच. पण आमचे आईबाबा आता नाहीत, तेव्हा अँब्रोजची थोरली बहीण म्हणून तुला सावध करणं माझ्याकडे आलं. बाई गं, तू साध्या माणसाशी नाही, टेनरशी, उंच पट्टीत गाणाऱ्या गवयाशी लग्न करते आहेस. साध्या माणसाला सर्दी झाली की तो शिंकतो. टेनरला झाली की तो मृत्युपत्राचं बोलायला लागतो.

आमच्या मासे-बटाट्याच्या दुकानात हा लहानपणी बटाटे सोलता सोलता गायचा. गिऱ्हाइकं ऐकत उभी राहायची आणि इकडे मासे करपायचे. बाबा म्हणायचे, देवाने आवाज दिलाय खरा, पण कढईकडे बघायला आणखी एक पोरगा द्यायला हवा होता. चॅपलच्या गायकवृंदात तर याच्यावरून दोन तट पडले. खर्जात गाणाऱ्या मंडळींचं म्हणणं, इतक्या उंच पट्टीत गाणारा पुरुष सरळमार्गी असणं शक्य नाही. गावच्या स्पर्धेत गायनमास्तर शटलवर्थसाहेबांनी त्याला तिसरा नंबर दिला. दुसरा आला तो चमचे वाजवणारा. मास्तर म्हणाले, मुलगा फार दाखवून गातो. त्यानंतर अँब्रोजने जी ट्रंक भरली ती थेट लंडनलाच उघडली.

आता एक विचारते, राग मानू नकोस. तू ऑपेराच्या कोरसमध्ये गातेस आणि लग्नानंतर ते सोडणार, असं लिहिलंस. एका घरात दोन गळे नांदत नाहीत, हे त्याचं मत की तुझं? त्याचं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव, मी बघते.

पत्र लवकर टाक. माया अजून ओळखीपुरतीच आहे, ती घट्ट व्हायला वेळ लागणार नाही.

तुझी होणारी नणंद,
डॉर्कस


लंडन
२० मार्च १९३२

ति. डॉर्कसताईंस सा. न. वि. वि.

पायरी ओळखलीत! अँब्रोजला सांगितलं तर तो म्हणाला, ताईला फोटोच पाठवायला नको होता.

तुमचा सावधगिरीचा इशारा मिळाला, पण उशिरा. मी सगळं पाहून चुकले आहे. तो आठवड्यातून दोनदा प्रेमापायी रंगमंचावर मरतो, मग घरी येऊन तीन उकडलेली अंडी खातो आणि विचारतो की आज मरण कसं झालं. मी सांगते, फारच छान झालं. परवा नायिका त्याच्याहून वीतभर उंच निघाली, म्हणून तिला अख्खा अंक बसून गायला लावलं. वर्तमानपत्रात आलं की बाईंचा बसण्यातला संयम हृदयस्पर्शी होता.

कोरस सोडण्याबद्दल विचारलंत. निर्णय माझा आहे, ताई. त्याने तर डोळ्यांत पाणी आणून माझे हात धरले आणि म्हणाला, हा त्याग मी जन्मभर विसरणार नाही. आता एवढं तो म्हणाल्यावर मी गप्प बसले. ऐकायला बरं वाटत होतं.

त्याचा तो वरचा स्वर तुम्ही हल्ली ऐकलेला नाही. लागला की दिवाणखान्यातले पेलेसुद्धा किणकिणतात. लग्नाला याल तेव्हा ऐकवायला लावते.

धाकटीवर लोभ करायला आत्तापासूनच सुरुवात करावी.

तुमची,
म्युरिअल


रॉथर्डेल
६ फेब्रुवारी १९३८

चि. सौ. म्युरिअल हिस अ. उ. आ.

काल रेडिओवर अँब्रोज गायला तेव्हा अर्धं गाव माझ्या दुकानात कोंबलं होतं. उरलेलं अर्धं दारात. मासे तळायचे मी बंद ठेवले, कारण चुरचुर आवाजाने लोक माझ्याकडेच डोळे वटारून बघायला लागले. शेवटचा तो स्वर त्याने असा काही धरला, की समोरची मिसेस क्रॅबट्री, जी आपल्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेतही रडली नव्हती, तिने माझ्या टेबलावरचं फडकं ओढून डोळे पुसले.

पण खरी गंमत पुढेच. शटलवर्थमास्तर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, हा हिरा मी पारखला, सर्वांत आधी मीच. मी विचारलं, आणि तो तिसरा नंबर? तर म्हणतात कसे, तो मुद्दाम दिला, पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. खर्जवालेसुद्धा आता सांगत फिरतात की अँब्रोजच्या आवाजाला पाया आमचाच. चमचेवाल्याचं नाव आता कुणी काढत नाही, बिचारा.

तू बरी आहेस ना? पत्रात सगळा अँब्रोजच असतो. आज त्याने काय खाल्लं, काय गायलं, कोणावर रुसला. तुझं स्वतःचं चार ओळी तरी लिहीत जा.

तुम्हा दोघांवर जीव आहे, पण तुझ्यावर अंमळ जास्त. त्याला सांगू नकोस.

डॉर्कस


लंडन
३ जून १९५७

ति. डॉर्कसताईंस सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र अँब्रोज तालमीला गेल्यावर लिहिते आहे. उत्तर माझ्या नावावर पाठवा आणि पाकिटावर लोकरीच्या विणकामाबद्दल काहीतरी लिहा, म्हणजे तो उघडणार नाही.

आवाज गेला, ताई. सगळा नाही. मधला अजून लोण्यासारखा आहे. पण वरचा स्वर गेला. त्रेपन्नाव्या वर्षी तो या हंगामात वीस वर्षांचा मेंढपाळ झाला आहे. पहिल्या अंकात मेंढीच्या मागे धावतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत धापा टाकतो. वाद्यवृंद त्याची गाणी अर्धी पट्टी खाली वाजवतो. त्याला वाटतं मला कळत नाही. अहो, त्याच गाण्यांमागे मी कोरसात उभी असायची! ऐन वरच्या स्वराला वाद्यवृंदाचा संचालक पितळी वाद्यांना असा काही जोर करायला लावतो की अँब्रोजने तोंड नुसतं उघडलं तरी चालतं.

आणि त्याला खरं कोणीच सांगत नाही. त्याचा एजंट म्हणतो, आवाजावर आता जुन्या सोन्याची झळाळी आली आहे. वर्तमानपत्रांतले परीक्षक लिहितात, अनुभवी गायन, पोशाख उत्तम. डॉक्टर घशात डोकावून म्हणतात, वा, वा. मी तरी काय वेगळं करते? घरी येऊन तो विचारतो, कसं झालं, आणि मी म्हणते, इतकं छान कधीच झालं नव्हतं.

आता तुमच्याकडच्या नगरभवनाच्या शताब्दीला ऑक्टोबरमध्ये त्याने गायचं कबूल केलंय. रेडिओवर गायलेलं तेच गाणं, तोच शेवटचा स्वर. सगळ्या गावासमोर त्याचं हसं होईल. तुम्ही थोरल्या, तुम्हाला तो घाबरतो. तुम्हीच सांगा त्याला की आता पुरे.

वाट बघते. लोभाची नाही, तो आहे हे माहीत आहे. उत्तराची.

म्युरिअल


रॉथर्डेल
२५ ऑगस्ट १९५७

चि. सौ. म्युरिअल हिस अ. उ. आ. (आणि मोज्याची टाच अशी विणावी: दोन उलट, दोन सुलट. हे त्याने पाकीट उघडलंच तर त्याच्यासाठी.)

अँब्रोज इथे चार दिवस राहून गेला. मी चहा ओतता ओतता विषय काढला. म्हटलं, एका वयानंतर माणसाने शिकवावं, बागेत गुलाब लावावेत, असं मला वाटतं. तो म्हणाला, ताई, तू गुलाबांचं कधीपासून बोलायला लागलीस? मग बराच वेळ चमचा ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती. एकदम विचारलं, म्युरिअल तुला काही म्हणाली का? मी सरळ खोटं बोलले, म्हटलं, ती बिचारी तुझ्या गाण्याशिवाय दुसरं काही लिहीतच नाही. यावर त्याने असा काही सुस्कारा टाकला की सुटल्याचा होता की अडकल्याचा, मला कळेना. पुढचं माझ्याच्याने बोलवलं नाही. माशाला चिरा देणारी बाई मी, पण भावाला देता येईना.

दुसरी आशा बँडची होती. नगरभवनात साथ आमच्या पितळी बँडची आहे. मी बँडमास्तर ओल्डरॉइडकडे गेले, म्हटलं, गाणं थोडं खालच्या पट्टीत घ्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी राणीला खालच्या खुर्चीवर बसवायला सांगतेय. म्हणाला, मिस हॅलिवेल, हे गाणं या बँडने महायुद्धाच्या आधीपासून याच पट्टीत वाजवलंय, आणि हिटलरलासुद्धा ती बदलता आली नाही.

जाहिराती भिंतींवर लागल्या आहेत. त्यावर शटलवर्थमास्तरांचं नाव आहे, 'शोधक' म्हणून. ऐंशी वर्षांचे झालेत, पण शोध चालूच आहे.

तू येणार आहेस ना? एकटीला मला हे बघवणार नाही.

डॉर्कस


रॉथर्डेल
१४ ऑक्टोबर १९५७

प्रिय म्युरिअल,

आज मायन्याला वेळ नाही. तू तापाने अंथरुणात, म्हणून तुझे डोळे-कान होऊन लिहिते. अँब्रोज अजून इथेच आहे, वर झोपलाय. तो घरी येऊन तुझ्याशी बोलेल, पण त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं.

नगरभवन खच्चून भरलं होतं. अँब्रोज काळ्या कोटात आला. गाण्याचा मधला भाग इतका सुरेख झाला की मी भीती विसरले. मग शेवट आला. ओल्डरॉइड छडी हलवतोय, बँड चढत चाललाय, आणि माझ्या भावाने तोंड उघडलं. काही नाही, म्युरिअल. वारासुद्धा नाही. त्याची मान लाल झाली, हात वर गेला, आणि आवाज नाही.

तेवढ्यात ओल्डरॉइडने, त्या हट्टी म्हाताऱ्याने, छडी टाकली, शेजारच्या वादकाच्या हातातलं कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, ओढलं, लोकांकडे पाठ करूनच ओठाला लावलं आणि तो स्वर वाजवला. स्वच्छ, लांब, थेट छतापर्यंत. अँब्रोज तोंड उघडून उभा. स्वर संपला तसं त्याने तोंड मिटलं.

आणि गाव उठून उभं राहिलं गं! टोप्या उडाल्या. मिसेस क्रॅबट्री पुन्हा रडली. शटलवर्थमास्तर ओरडले की तरुणपणी तो इतका शुद्ध कधीच गायला नव्हता. आजच्या पेपरात आहे, 'पितळेसारखा खणखणीत स्वर'. नुसतं 'पितळेचा' लिहिलं असतं तर पेपरात पहिल्यांदाच खरं छापून आलं असतं.

मी मागच्या खोलीत गेले. ओल्डरॉइड त्याच्यासमोर उभा होता, कानापर्यंत लाल. म्हणाला, हात आपोआप गेला, मिस्टर हॅलिवेल, माफ करा. अँब्रोजने त्याला मिठीच मारली. तो गेल्यावर अँब्रोज खुर्चीत बसला आणि म्हणाला, ताई, मला तीन वर्षांपासून माहीत आहे. मी कडाडले, मग थांबला का नाहीस? तर म्हणतो, कसा थांबू? म्युरिअलने या एका स्वरासाठी स्वतःचं गाणं सोडलं. तो संपला हे कोणत्या तोंडाने सांगू तिला?

मग मात्र मी सगळं सांगितलं. तुझं जूनचं पत्र, मोज्याची टाच, सगळं. तो इतका हसला की कॉलरचं बटण तुटून पडलं, आणि मग हसता हसता रडायला लागला. मीही रडले. आमच्या घराण्यात हे चालत नाही, तेव्हा हे पान वाचून फाडून टाक.

तब्येत जप. तो येतोय, सांभाळून घे.

तुझी,
डॉर्कस


लंडन
१० नोव्हेंबर १९५७

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

थिएटरला राजीनामा दिला. मॅनेजर माझा हात धरून म्हणाले, संगीताचं केवढं हे नुकसान, आणि त्याच दमात विचारलं की मेंढपाळाची पाटलोण आजच परत करता येईल का. नव्या मुलासाठी ती कमरेत आवळायला शिंपी दारातच उभा होता.

आता म्युरिअलचं. मी तिच्यासमोर अक्षरशः गुडघ्यावर बसलो. म्हटलं, तुझा त्याग वाया घालवला, पंचवीस वर्षं हे ओझं वाहतोय. तिने मला उठवलं, आणि कसला त्याग म्हणून विचारलं. कोरसमध्ये ती मागच्या रांगेत डावीकडून चौथी, खिडकीच्या वाऱ्यात, हातात पुठ्ठ्याचा पेला घेऊन दहा वर्षं उभी होती. म्हणाली, मला त्या पेल्याचा वीट आला होता, अँब्रोज, लग्न ठरलं आणि सुटका झाली. मग त्या दिवशी बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, तू इतका छान रडत होतास की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

ताई, पंचवीस वर्षं मी या बाईच्या दुःखाचा भार डोक्यावर घेऊन गायलो, आणि ते दुःख तिला ठाऊकच नव्हतं! पहिल्यांदा मला राग आला. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शोकांतिका कोणीतरी काढून नेल्यासारखं वाटलं. ती आठवडाभर माझ्याकडे बघून हसते आहे. चहा देताना हसते, दिवा मालवताना हसते.

आज सकाळी दाढी करताना सहज तोंडातून गाणं आलं, जी पट्टी येईल तीत, खिडकी सताड उघडी. स्वयंपाकघरातून म्युरिअल ओरडली, अँब्रोज, बेसूर होतंय!

ताई, मला इतका आनंद झाला की वस्तऱ्याने हनुवटी कापून घेतली.

तुझा धाकटा,
अँब्रोज