थांबणारं बटण

माझ्या ताईला, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहिलंय, बरं का! डावा हात अजून रुसलेलाच आहे, पण तू काळजी करू नकोस. कॉम्प्युटरवर काही अक्षरांना दोन बटणं एकदम दाबावी लागतात. नातीने त्यात अशी सोय केली, की एक दाबून सोडलं तरी ते दुसऱ्याची वाट बघत थांबतं. शाळेच्या वाटेवर तू माझ्यासाठी थांबायचीस ना, अगदी तसं! वर ओरडायचीस, "चल गं गोगलगायी!"

तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना?

इतके दिवस सूनबाई माझी पत्रं लिहायची. फार जीव लावते पोर. म्हणून तिला हे लिहायला सांगवलं नाही, पण ताई, मला तुझ्याकडे यायचंय गं.

तुझीच,
धाकटी