फियाटचे नवे रॉकर

खडकी, २० नोव्हेंबर २००१

प्रिय सलिल,

बाबांना आलेलं तुझं पत्र मी वाचलं. विचारून नाही वाचलं. टेबलावर उघडं पडलेलं पत्र वाचायला परवानगी लागत नाही, असं माझं मत आहे. लोणी काळभोरच्या माळावरच्या शर्यतीत फियाट चालवायला तू नकार दिलास. ‘काका, माझ्या हाती पुन्हा इंजिन देऊ नका,’ हे वाक्य बाबांनी दोनदा वाचलं आणि लेथ मशीनपाशी जाऊन उभे राहिले. दुसरा ड्रायव्हर बघा म्हटलं, तर माझ्याकडे असे बघतात की जणू मीच गुन्हेगार.

बाबा आता सहासष्टचे. हात थोडा थरथरतो, जीभ अजिबात नाही. गेले तीन महिने वर्कशॉपमध्ये एकच उद्योग, रॉकर. तू संगणकात रमलास, विसरला असशील म्हणून सांगते. व्हॉल्व्ह दाबणारी ती छोटी दांडी. तिचं व्हॉल्व्हकडचं टोक लांब केलं की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त हवा आत जाते आणि तेच इंजिन सात-आठ हॉर्सपॉवर जास्त देतं. धोका एवढाच, की जास्त उघडलेला व्हॉल्व्ह खालून वर येणाऱ्या पिस्टनला भेटायला नको. म्हणून पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापायची, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवायचं, इंजिन हाताने दोनदा फिरवायचं, हेड काढायचं आणि दबलेली क्ले ब्लेडने कापून तिची जाडी, म्हणजे दोघांमधली फट, मोजायची. बाबांचा नियम दोन मिलिमीटरचा. त्याहून कमी भरली तर गाडी दाराबाहेर जात नाही.

शहाण्णवच्या शर्यतीतही असेच लांब रॉकर होते. तिसऱ्या फेरीत इंजिन फुटलं तेव्हा तू आधी म्हणालास, गिअर बरोबर पडला होता. मग चौघांनी विचारलं, भर वेगात चौथ्याऐवजी दुसरा टाकून इंजिन झेपेल त्याहून जास्त तर नाही फिरवलंस? संध्याकाळपर्यंत तू स्वतःच म्हणू लागलास, टाकला असेल. बाबा तुला सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “इंजिन सांगत होतं, तुला ऐकू आलं नाही.” तू त्यांच्या पाया पडून माफी मागितलीस. दोन महिन्यांत बंगलोर. आपल्या लग्नाला तू कधी ‘नाही’ म्हणाला नाहीस, फक्त पत्रं लहान होत गेली. मीही विचारलं नाही. का विचारलं नाही, ते आज लिहायला बसले आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी क्ले मोजली, दोन मिलिमीटर भरली. मग बाबांनी जास्त दाब मिळावा म्हणून हेड एक मिलिमीटर घासून आणायला सांगितलं आणि बजावलं, हेड घासलं की फट तेवढीच कमी होते, परत मोज. परत मोजायचं म्हणजे तीन तास, आणि संध्याकाळी तू बालगंधर्व नाट्यगृहाच्या दारात माझी वाट बघत उभा राहणार होतास. मी हेड सरळ बसवून टाकलं आणि सकाळचीच क्ले बाबांच्या हातावर ठेवली. त्यांनी मोजली, म्हणाले, ठीक. तुझा गिअर बरोबर पडला होता, सलिल. फट निम्मीच उरली होती; भर वेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तो माझ्यामुळे. तू बाबांचे पाय धरलेस तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला लाज वाटण्याआधी सुटल्यासारखं वाटलं. आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत, पण शर्यतीच्या अर्जावर ड्रायव्हर म्हणून तुझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. मला माफ केलं नाहीस तरी चालेल. गाडी चालवायला ये. तू येशील त्या दिवशी मी वर्कशॉपला येऊ नये असं म्हणालास, तर तेही ऐकेन.

‘तुझीच’ लिहायचा हक्क मी त्याच संध्याकाळी गमावला, तरी दुसरं काही लिहिता येत नाही.

तुझीच,
सुनीती