होडीतून उडी कोणी मारली?

प्रिय मंदाकिनी,

सप्रेम नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच.) तुझी पाठ कशी आहे? वाघोलीला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस. एवढ्या उंचीवर घंटी पोचत नसावी, म्हणून पत्र. तुझ्या दिगंबररावांना नमस्कार सांग. ते अजून दुसऱ्याच्या गोष्टी मध्येच तोडत असतील, तर तोही सांगू नकोस.

मंदे, मला सध्या झोप नाही, भूक नाही, आणि डॉक्टर म्हणतात रक्तदाब मात्र उत्तम! कारण एक पुस्तक. आपण शाळेत असताना नदीवर त्या होडीच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, आठवतं ना? सिनेमा तीन आठवड्यांत उतरला. पण तो कसा घडला याचं पुस्तक त्याच्या सहायक दिग्दर्शकाने लिहिलं, आणि आमच्या शनिवार पेठेतल्या वाचनालयात त्यासाठी आजही अकरा माणसं रांगेत आहेत. पडद्यावर नायक रडला तेव्हा मी जांभई दिली होती. पुस्तकात त्याला रडवण्यासाठी मार्केट यार्डातून कांद्याचं पोतं आणलं आणि सगळं युनिट रडलं, एकटा तो सोडून, हे वाचताना मी पदर भिजवला. जेवण कसंही होवो, मुदपाकखान्यात काय घडलं ते ऐकण्यात खरी चव. (हे दिगंबररावांना वाचून दाखवू नकोस.)

आणि पान एकशेबारावर हा गृहस्थ लिहितो, होडीतून उडी नायिकेने स्वतः मारली! मी पेन्सिल उचलली. (शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक दिसूनही जो सोडतो तो अर्धा गुन्हेगार.) समासात लिहिलं: 'साफ खोटं. उडी साडी नेसलेल्या एका मिशीवाल्या गड्याने मारली. पदर मिशीवरून घेतला होता. – प्रत्यक्षदर्शी.'

महिन्याने रांगेत माझी पाळी पुन्हा आली, तर खाली कुणीतरी लिहिलेलं: 'पुरावा?' मी लिहिलं, 'माझे डोळे.' पुढच्या खेपेस उत्तर: 'चष्म्याचा नंबर?' असे आम्ही वर्षभर भांडलो. समास संपले तेव्हा प्रकरणांच्या शेवटच्या कोऱ्या जागेत शिरलो. रांगेतले लोक आता मूळ मजकूर सोडून आमचंच वाचतात म्हणे.

गेल्या सोमवारी ग्रंथपाल यज्ञेश्वर यांनी मला बोलावलं. "बाई, पुस्तकात लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द होतं. पाटी वाचलीत?"

"वाचली," मी म्हटलं. "त्या पाटीवरचं 'रद्द' आणि समासातलं 'पुरावा' एकाच हातचं आहे. आधी कोणाचं रद्द करायचं?"

माणूस पाणी प्यायला. मग खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि हळूच म्हणाला की पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, लेखक येत्या मंगळवारी वाचनालयात येणार आहेत. आमचे समास त्यांनी पाहिले; उडीच्या दिवशी ते स्वतः मार्केट यार्डात कांदे आणायला गेले होते म्हणे. उडीची हकीकत खरी ठरली, तर नव्या आवृत्तीत ती माझ्या नावानिशी घालणार! मंदे, टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं विचारून फोन जोडून दिले. माझं नाव छापून आलं ते फक्त डिरेक्टरीत, तेही चुकीचं. आता पुस्तकात येईल!

तब्येतीला जप. कळावे, लोभ आहेच, तो तपासून पाहायची वेळ आली आहे.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. : लेखकांना त्या दिवशी नदीवर हजर असलेला एक साक्षीदार हवा आहे. मंगळवारी चार वाजता ये. रिक्षा मी पाठवते.

ता. क. २ : होय, मला माहीत आहे. मला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या आणि नदीवर तू एकटीच गेली होतीस. पण खिडकीतून तू इतकं रंगवून सांगितलंस की पन्नास वर्षं मी तिथेच आहे. तुला प्रसिद्धीची आवड नाही, मला आहे. तू फक्त 'ही माझ्या शेजारी उभी होती' एवढं म्हण. पुढचं मी बघते.

ता. क. ३ : मंदे, तू तरी गेली होतीस ना गं?