वाळूच्या टेबलाचे तोटे

दि. ४ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. तुमची कंबर आता बरी असेल. इकडे सगळे ठीक. तुमचे दादाही ठीक, त्यांच्याविषयी वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

आमची नात चिमणी आईबापांबरोबर परगावी गेली, तेव्हा तिला तुम्ही दिलेलं वाळू-पाण्याचं खेळायचं टेबल नुसतंच पडून असेल, ते रविवारी येऊन तुमच्या नातीसाठी नेते, असं तुम्ही लिहिलंत. टेबल तुम्हीच दिलेलं, त्यात दुमत नाही. पण वस्तू घरात घेण्याआधी तिचे गुणदोष माहीत असावेत. नंतर वहिनी बोलली नाही, असं व्हायला नको.

तर ऐका. एका खणात वाळू आणि दुसऱ्यात पाणी, हे फक्त बनवणाऱ्याच्या मनात असतं. बघता बघता दोघांचा संसार एक होतो आणि मग तो घरभर हिंडतो. अंथरुणात वाळू, चपलेत वाळू. मोरी दोनदा तुंबली. नळवाल्यानं ओंजळभर वाळू काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "काकू, घर बांधताय का पाडताय?"

पाणी रोज बदललं नाही तर डास. झाकण घालायचं राहिलं तर मांजर, आणि वाळू दिसल्यावर मांजर काय करतं ते मी पत्रात लिहीत नाही. पाण्याच्या खणाचं बूच सारखं हरवतं आणि धुवायच्या सदऱ्याच्या खिशात सापडतं. बाह्या कोपरापर्यंत भिजतात. कितीही सांगा, वर म्हणून करायच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, चिमणी तर गेली, मग बाह्या कोणाच्या? समोरची दोन मुलं येतात खेळायला. त्यांच्याच असं समजा.

शिवाय माझे केकचे साचे नासले. परवा समोरच्या बाई चहाला आल्या म्हणून मी हौसेनं केक केला. पहिल्या घासाला त्या थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, "साखर नीट विरघळली नाही वाटतं." मी म्हटलं, हो, हल्ली साखर चांगली मिळत नाही. बाई भली, तिनं तो तुकडा संपवला.

आता ते साचे टेबलाकडे कोणी नेले, हे लपवून पुढे लिहिणं मला काही जमेना. तुमच्या दादांनी नेले. सदराही त्यांचाच.

मनगटं गेली, डॉक्टरांनी पीठ मळणं बंद केलं आणि बेकरी दुसऱ्याला द्यावी लागली, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतरचं मी कळवलं नव्हतं. हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. हाक मारली की जेवायला यायचे आणि समोर येईल ते गिळायचे. लग्न झाल्यापासून ज्यानं माझ्या स्वयंपाकाला एक दिवस नावं ठेवायची सोडली नाहीत, तो गप्प जेवायला लागला, की घर खायला उठतं. मी फार घाबरले होते, वन्सं.

मग एकदा चिमणीनं वाळूचा चिखल केला. हे उठले, त्यात हात घातला आणि म्हणाले, "पाणी जास्त झालं." कितीतरी दिवसांनी आवाज ऐकला त्यांचा.

तेव्हापासून रोज सकाळी वाळू भिजवतात, मुठीत दाबून बघतात आणि वर ओलं फडकं झाकतात. मी विचारलं, फडकं कशाला? तर म्हणाले, "फुगू दे जरा." स्वतःच्या कानावर पडलं तेव्हा ओशाळले, आणि मग इतके हसले की ठसका लागला. एकदा साच्यातून सुटावी म्हणून सवयीनं वाळूवर मैदा भुरभुरवला. त्याची खळ झाली, दुपारभर खरवडत बसले होते. संध्याकाळी पोरं ओळीत उभी राहतात. हे साचा उलटा करतात आणि विचारतात, "करपलेला कोणाला?" धाकटा रोज करपलेलाच मागतो.

तुमचं पत्र आलं तसं मी टेबल धुतलं, दोरीनं बांधलं आणि दाराशी नेऊन ठेवलं. हे एवढंच म्हणाले, "बहिणीची वस्तू आहे, जाऊ दे." आणि परत खिडकीजवळच्या खुर्चीत. मला राहवेना. जेवणाच्या वेळी मी भाजीत मुद्दाम मिठाचा कणही घातला नाही आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. त्यांनी मुकाट्यानं ताट संपवलं.

मी उष्ट्या हातानंच उठले आणि दोरी सोडली.

तेव्हा वन्सं, टेबल मी देत नाही. राग आला तर येऊ दे, नणंद रागावल्यानं मी आजवर मेलेली नाही. तुमच्या नातीला मी नवीन घेऊन देईन, हवं तर मोठं, पाण्यानं फिरणारं चक्र असलेलं. पण रविवारी तिला घेऊन याच. दादांना सांगितलं तर म्हणाले, "तिच्यासाठी छोटा साचा काढून ठेव." जुने कपडे घालून आणा आणि केक खाल्ला नाहीत तरी चालेल.

आज भाजी अगदी नीट झाली होती. तरी पहिल्या घासालाच खारट म्हणाले. मी पदर डोळ्याला लावला, तर म्हणतात, "एवढंही नाही खारट."

तुमची,
जिला अजून मिठाचा अंदाज नाही ती
वहिनी